ढिली गाठ

शिंक येते तेव्हा मी आधी खुर्ची धरते.
माशी शिंकली तर शिंको, मी नको.

तिसऱ्या बाळंतपणाला अकरा वर्षं झाली.
तेव्हापासून पिशवीत जास्तीची विजार,
लग्नाच्या नाचात भिंतीकडेची जागा,
आणि गुडघा दुखतो ही थाप,
जी आता गुडघ्यालाही खरी वाटते.

शेटलंडहून अ‍ॅबर्डीन, बोटीने रात्रभर.
डॉक्टर इमरी पाकिटाच्या पाठीवर चित्र काढतात:
पेरूएवढं मूत्राशय, खाली नळी, नळीखाली झोळी.
"कशाची शिवायची, ओस्ला, एवढंच ठरवायचं."

जाळीची फीत असते. अर्ध्या तासाचं काम,
संध्याकाळी घरी. आता सहसा कुणी बसवत नाही.
मेरनला बसवली होती.
वर्षभर ती कुंपणांवरून उड्या मारत हिंडली,
मग जाळी मांसात रुतली.
चार वर्षं झाली, ती उभ्यानं जेवते.
"सगळ्यांचं असं होत नाही."
तेही खरंच. माझी नणंद आपली फीत
कधीच विसरून गेली आहे.

पण मी नायलॉन ओळखते.
नवव्या वर्षापासून बाबांची जाळी सांधली.
सुताची कुजायची, म्हणून शिव्या खायची.
नायलॉन कुजेना.
अजून किनाऱ्यावर सापडतं,
त्यात शेवाळ, त्यात खेकड्याची नांगी,
सोडवायला जावं तर दोन्ही फाटतात.

नाहीतर घरचं कापड:
माझ्याच पोटातल्या चिवट पडद्याची बोटभर पट्टी.
चीर मोठी. सहा आठवडे बादलीसुद्धा उचलायची नाही.
लघवी अडली तर काही दिवस नळी.
"आणि मेंढ्या व्यायला लागल्या की?"
"मेंढ्या दुसरं कुणी बघेल."
कोण, ते सांगत नाहीत.

किंवा काहीच नको.
आवळा, सोडा, आवळा.
ते मी बसथांब्यावरही करते,
चेहऱ्यावर हवामानाची काळजी ठेवून.

शेवटी एवढंच विचारलं: गाठ किती घट्ट मारता?
"घट्ट नाहीच. घट्ट झाली की वाटच बंद.
खालून कात्रीचं टोक जाईल, इतकी ढिली."
बाबा पेन्सिल घालून बघायचे.

ऑगस्टची तारीख घेतली. घरचं कापड.
परतीच्या बोटीखाली लाट आली,
मी सवयीनं सगळं आवळलं,
मग आठवलं, आणि जरा सैल सोडलं.

जास्तीची विजार होतीच.