साक्षीदार तुकडा

मे महिन्यात नागपुरात प्रयोग पहाटेच उरकायचा.
नऊ वाजले की आम्लसुद्धा तापतं
आणि तापल्या आम्लातला रंग खोटं बोलतो.
हिंगण्याच्या शेडमध्ये मी, झाडे,
आणि गोळेवाल्याकडून गोणपाटात आणलेली
बर्फाची अर्धी लादी.

दोन तुकडे. दोन्ही टायटॅनियमचे,
कागदावर टक्केवारीसुद्धा एकच.
एक घणाखालून, रुळांखालून आलेला,
मार खाऊन शहाणा झालेला.
दुसरा भुकटीतून उगवलेला,
लेझरने केसाहून बारीक थर
आठशे वेळा एकमेकांवर निजवलेले.

एकाच तारेला टांगले दोघांना.
वीस व्होल्ट. तीस.
यात कुणी रंग ओतत नाही.
धातूच आपल्या अंगावर साय धरतो;
एक किरण सायीवरून परततो, एक सायीखालून,
दोघांची गाठ पडते, तिथे निळा.
लाल कधीच येत नाही.
संत्र्याच्या जवळ जातो, संत्रा होत नाही.
झाडे म्हणतो, "बेइज्जती हाये ही नागपूरची."

पहिला निळा झाला, पाटीसारखा सपाट.
दुसऱ्यावर मात्र ठिपके,
अर्धवट वितळलेल्या कणांच्या कडेकडेने
जांभळं काहीतरी मागे राहून गेलेलं.

"सरासरी लिहून टाक," बारापात्रे सर म्हणाले.
सरासरी रंग कसा दिसतो, सर?

मी नाही लिहिलं.
हा दुसरा तुकडा साक्षीदार आहे.
ज्या पाटावर हा उगवला
त्याच पाटावर, त्याच रात्री, त्याच भुकटीतून
भिवाजीमामाच्या जबड्याची पट्टी उगवली.
तीस वर्षं पन्नीत घोटलेला खर्रा,
मग एका सकाळी डावीकडचं हाडच नाही.

हिऱ्याच्या सुईने ओरखडा काढला मी, मुद्दाम.
पांढरी रेघ.
"उघडी पडली," झाडे म्हणाला.
नाही रे.
डोळा लवायच्या आत धरलेली असते तिने पुन्हा साय,
इतकी पातळ, की रंगाच्याही आधीची.

रविवारी मामाकडे गेले.
पातळ खिचडी चमच्याने, हळूहळू,
मध्येच थांबून:
"माह्या जबड्यात कोन्ता रंग टाकला वं, पोरी?"
"निळा."
"साधाच?"
"ठिपक्यांचा."
हसला. उजवीकडून फक्त.
तेवढ्यात कूलरचं पाणी संपलं
आणि वाळ्याचा वास बराच वेळ
खोलीत कोरडा राहिला.