करडा चौकोन

पाचव्या पानावर विचारलंय:
तुमच्या खेळात काय काय आहे, त्यावर खूण करा.
रक्त. दारू. शिव्या. अंधार. लखलखते दिवे.
प्राण्यांना इजा.
खाली बारीक अक्षरांत नियम:
आत्ता खेळात आहे तेवढंच सांगा,
पुढे येणार आहे ते नको.

रात्रीचे पावणेदोन. उद्यमनगरातली शेवटची भट्टी
निवत आलीय, खिडकीत जळक्या वाळूचा वास.
दिवसा मी इथंच पंपांच्या आवरणांची ड्रॉइंगं काढतो
(मुलगी आहे मी; आमच्याकडं मुलीही
येतो-जातोच म्हणतात, ह्याला कुठली खूण नको)
आणि रात्री खेळ करतो.
अर्धा झालाय. दोन वर्षं अर्धाच आहे.

शिव्या आहेत.
सौम्य की तीव्र, विचारतायत.
नावाड्याला तौफिकनं आवाज दिलाय,
आणि कोल्हापुरात जिला माया म्हणतात
तिला या यादीत रकाना नाही.

अंधार आहे, पण मुद्दाम नाही,
माडीवरच्या बल्बचं काम राहिलंय.

मृत्यू नाही.
दारातला म्हातारा मरत नाही.
पुराचं पाणी त्याच्या छातीतून आरपार जातं,
कारण म्हातारा म्हणजे काय
हे पाण्याला अजून शिकवलेलं नाही.
तो तसाच उभा राहतो, तंबाखू मळत.

आणि म्हैस.
म्हैस काढायचीच आहे अजून.
तिच्या जागी एक करडा चौकोन,
शिंगं नाहीत, डोळे नाहीत,
कोपऱ्यात तौफिकच्या अक्षरात "म्हैस १".
जिन्यानं माडीवर चढवली तर वाचते.
नाही चढवली तर चौकोन गोठा सोडून
वाहत जातो, कडेकडेनं,
न हंबरता. आवाजही बाकी आहे.

चौकोनाला इजा होते का?
नियमानं नाही.
रकाना मोकळा ठेवून मी सहाव्या पानावर गेलो होतो.

मग रविवारी कृष्णात आला,
कोअर शॉपमधला, प्रयाग चिखलीचा.
बघू म्हणाला तुझा खेळ.
काळ्या अंगठ्यानं खेळला.
तीनदा पाणी आलं, तीनदा चौकोन गेला.
तिसऱ्यांदा त्यानं मोबाईल बाकावर पालथा ठेवला.

"दाव्यानं वढून न्हाई चढत ती," म्हणाला.
"म्होरं पेंडीची पाटी धरायची.
तिसऱ्या पायरीवर थांबती. तितं हाक मारावी लागती."
काय म्हणून, मी विचारलं.
त्यानं एक नाव सांगितलं.
ते मी इथं लिहीत नाही.
चहा ठेवला होता, न घेताच गेला.

आमचे तात्या तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते.
पिवळ्या खडूचा फराटा म्हणजे
माल कामाचा आहे, पुरा नाही.
पण त्याआधी ते बोट फिरवायचे कडेवरून,
आणि जिथं धार राहिलीय तिथं
एक गोल काढायचे.
धार ड्रॉइंगमध्ये नसायची. कुठल्याच कागदात नसायची.
पुढच्या पाळीला जो उचलणार, त्याच्या हातासाठी तो गोल.
एखाद्या दिवशी खडू संपला
तर ओल्या चुन्यात बोट बुडवून काढायचे.

मी पाचव्या पानावर परत आलोय.
प्राण्यांना इजा: केली खूण.
लगेच विचारलं, नक्की का?
अशा खुणेचा खेळ कमी लोकांना दिसतो.
दिसू दे.

मग खेळ उघडला. "म्हैस १" पुसलं.
पाटी काढली, पेंडीची, वेडीवाकडी.
तिसऱ्या पायरीला लिहिलं: थांब.

आता चौकोन चढतो. एक, दोन,
तिसऱ्यावर थांबतो.
खाली पाणी वाढतंय आणि तो वर बघत उभा आहे,
म्हणजे बघत असावा,
डोळे उद्या काढायचेत.
हाकेचं बटण अजून कुठंच जोडलेलं नाही.
मी दाबून बघतोय.