भरलेली बाटली

बाटली सकाळी भरून देते,
दुपारी तशीच भरलेली परत येते.
मस्कतच्या जूनमध्ये
कुठलं पोर पाणी पीत नाही?

"तहान नव्हती," पुष्कर म्हणतो.
हल्ली तो शब्द निवडून बोलतो,
तांदळातले खडे वेचावेत तसा.
पोळी नको, भात दे.
परवा नाही, दोन दिवसांनी.
पप्पांना आता बाबा म्हणतो.
मला वाटलं, मोठा होतोय.

मग लिफ्टमध्ये शिबानी बोलली,
त्याच्याच बसमधली, आपल्या चपलांकडे बघत:
"आंटी, ते त्याला पंप म्हणतात. पु-पु-पु.
त्यानं बाटली उघडली की सगळे ओरडतात,
'पंप में पानी डालो!'
मीपण एकदा ओरडले."

तिसऱ्या मजल्यावर ती उतरली.
मी सहाव्यावर उतरायची विसरले.

रात्री न्हाणीघरात नळ वाहतोय कधीचा.
गच्चीवरची टाकी तापते,
इथे थंड नळालाही कढत पाणी.
त्या आवाजाआड तो म्हणतोय,
पा. पा. पा.
मग काहीच नाही.
मग पुन्हा, स्वतःचं नाव.

बारशाला आत्यानं हेच नाव
त्याच्या कानात सांगितलं होतं,
कुर्र करून,
आणि तो झोपेत हसला होता.

मी टॉवेल धरून उभी. दार वाजवलं नाही.

तो आला तेव्हा फ्रिजमधलं पाणी
पेल्यात ओतून ओट्यावर ठेवलं.
त्यानं पेल्याकडे बघितलं,
मग मागे, दाराकडे.
स्वतःच्या घरात.
मग प्यायला.