सही जुळत नाही

नोव्हेंबर. दुपारी साडेतीनलाच अंधार,
एस्टोनियाच्या दक्षिणेला, जिथे जंगल संपतं आणि आमची लाकूड-गिरणी सुरू होते.
पुढ्यात एकोणचाळीस वह्या,
सुरक्षा-प्रशिक्षणाच्या, १९८३ पासूनच्या.
जानेवारीपासून सगळं टॅबवर.
तालिनहून आलेल्या पोराने समजावलं:
सतरा मिनिटांचा व्हिडिओ, दहा प्रश्न,
शेवटी हिरवा चौकोन दाबायचा, बोटाने.
बोटाने, तो पुन्हा म्हणाला,
आणि खोलीत हेल्दुर बसलाय हे त्याच्या लक्षात आलं नाही.

नवं वाईट आहे असं मी म्हणत नाही.
ओस्ताप सात महिने इथे आहे.
वहीत त्याने सही ठोकली होती एका परिच्छेदाखाली,
ज्यातला एक शब्द त्याला कळत नव्हता.
गेल्या मंगळवारी टॅब त्याच्याशी युक्रेनियनमध्ये बोलला.
तो मध्येच उठला, करवतीपाशी गेला,
लाल दांड्याला हात लावून परत आला.
"म्हणजे हा यासाठी होय!"
सात महिने तो त्यावर जाकीट अडकवत होता.

तर मी वह्या स्कॅन करते.
पानांना राळेचा वास, शिवणीत भुसा.
पेन्सिल कुणी पळवू नये म्हणून बांधलेला दोरा.
दोरा आहे.
कुठे पावाचा चुरा, कुठे कुणाच्या लेकीने काढलेला कोल्हा,
सगळं काचेवरून जातं आणि स्वच्छ होऊन निघतं.

संगणक हुशार. सह्या जुळवत जातो.
चार हजार सह्यांत एकदाच अडला.
पिवळी चौकट: हेल्दुर, खाते क्रमांक ११२,
मार्च १९९१ च्या आधीची सही नंतरच्या सहीशी जुळत नाही.
एकच व्यक्ती? वेगळ्या व्यक्ती?

मी पानं काढून पाहिली.
फेब्रुवारीत उजवीकडे झुकलेली, घाईची,
पहिल्या अक्षराला पतंगासारखी शेपटी.
मार्च नाही.
एप्रिल, मे नाही.
जूनमध्ये पहिलीतल्या मुलाने गिरवावीत तशी
सुटी सुटी अक्षरं, डावीकडे कललेली,
कागद फाटेस्तोवर दाबलेली.
वर छापलेला विषय: फिरत्या पात्याजवळ हात नेऊ नये.

तेव्हापासून तोच शिकवत आला सगळ्यांना.
बोलायचा नाही फारसं.
नव्या माणसासमोर उजवा हातमोजा काढायचा,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायचा,
मग मोजा पुन्हा चढवायचा.
झालं प्रशिक्षण.

त्याला बोलावलं. म्हटलं, एवढं एक सांग,
नाहीतर यादी पुढे सरकत नाही,
आणि सोमवारी तपासणी आहे.
त्याने चष्मा लावला,
जुन्या फोटोत ओळखीचं कुणी सापडावं तसा बघत राहिला.
"या पहिल्याला," तो म्हणाला,
"दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारता यायची.
गिरणीच्या त्या टोकाला पट्टा थांबायचा.
याला नाही येत."
आणि जरा वेळाने, "वेगळे लिही."

मी वेगळे लिहिलं.
लगेच दुसरी चौकट उघडली:
पहिल्या व्यक्तीने नोकरी सोडल्याची तारीख?
"चौदा मार्च. नऊ वाजून दहा."
वेळेसाठी रकाना नव्हता.
कारण? निवृत्ती, राजीनामा, बदली, इतर.
आम्ही दोघंही थोडा वेळ त्या चार शब्दांकडे बघत बसलो.
मी इतर निवडलं. ओळ हिरवी झाली.

"वह्या आजच फाडणार?"
सोमवारनंतर, मी म्हटलं.
स्कॅनरच्या काचेवर भुसा साचला होता.
जाता जाता त्याने तो डाव्या तळव्याने पुसला
आणि झटकला नाही, खिशात घातला.