उजवीकडची मॅट

दिलिजानला उतरणाऱ्या जुन्या घाटात, सातव्या वळणावर
पेडल एकदम मऊ झालं,
दुधात बुडवलेल्या पावासारखं.
बाबांनी दुसरा गिअर टाकला, मग पहिला,
मग कड्याच्या अंगाला घासत घासत
आमची सहा नंबरची झिगुली
उधळलेलं वासरू आवरावं तशी आवरली.
उतरून सिगरेट पेटवली. म्हणाले, तेल उकळलं.
जणू दूध उतू गेलं.

आई उतरली नाही.

तोल्यात्तीहून खोकी यायला महिना लागला.
मधून वारा खेळेल अशा दोन जाड डिस्क,
कॅलिपर, पोलादी जाळी ल्यालेले होज,
आणि पॅड, ज्यांची किंमत मी बाबांना अर्धीच सांगितली.
चाकं गुर्गेनच्या मेलेल्या गाडीची, चौदा इंची;
आमच्या तेरा इंचीच्या पोटात
नवा कॅलिपर मावेना.

बाबा स्टुलावर.
'चाळीस वर्षं याच ब्रेकवर…' हे वाक्य
ते कधी पुरं करत नाहीत.
दुसरं करतात: 'ब्रेक म्हणजे घाबरटांचा दागिना.'
मी बोल्टांना रॉकेल पाजलं, मग शिव्या घातल्या,
मग पान्याला मीटरभर पाइप लावून त्यावर उभी राहिले.
जुनी डिस्क निघाली. झिजून झिजून
तिला ताटासारखा काठ आला होता.

आतलं झाडायला मॅट काढल्या.
ड्रायव्हरची टाचेपाशी विरली होती, ते ठीकच.
पण उजवीकडची?
तिथे पेडल नाही. तिथे काहीच नाही.
तरी रबराला तळव्याएवढं भोक,
आणि खालचा पत्रा रंग सांडून
घासलेल्या पितळेसारखा चकाकत होता.

मी मॅट उचलून भोकातून बाबांकडे पाहिलं.
ते राख झटकत होते,
सिगरेट कधीच विझली होती.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात.
एक चाकापाशी, एक पेडलवर.
बाबा म्हणाले, गुडघा धरलाय.
आई कोथिंबिरीचे हात पुसत आली,
चपला बाहेर काढल्या,
परक्याच्या घरात शिरावं तशी
आयुष्यात पहिल्यांदा डावीकडच्या सीटवर बसली.

'दाब.'
'दाबलं.'
'धरून ठेव.'
नळीतून बाटलीत काळं तेल, बुडबुडे,
शिळ्या चहाचा गाळ.
निपल बंद. 'सोड.'
मागचं उजवं. मागचं डावं. पुढचं उजवं.
मी येरेवानला गेल्यापासून
इतकं बोलणं आमच्यात झालं नव्हतं.
'दाब.' 'दाबलं.' 'धरून ठेव.'
तेल मधाच्या रंगावर आलं.

शेवटच्या चाकाला ती म्हणाली,
न्वार्द,
हे आता उलट ढकलतंय.

मी पाना पुसून ठेवला, हात धुतले, चहा ओतला.
ती अजून दाबतच होती.

रविवारी पॅड मुरवायला निघालो.
साठवर न्यायची, वीसवर आणायची,
पूर्ण थांबवायची नाही. असं दहा वेळा,
मध्ये जरा वारा खाऊ द्यायचा.
सेवानच्या काठाने मासेविक्ये
दोन्ही हात फाकून माशाची लांबी दाखवत उभे;
दर वेळी त्यांना वाटायचं, थांबली,
आणि दर वेळी आम्ही पुढे.
एकाचे हात बराच वेळ तसेच राहिले.
गाडीत जळक्या केसांचा वास.

मग घाट.
चालवत मी. मागे आई, काच खाली करून,
दरीकडच्या बाजूला.
सातव्या वळणाआधी मी पाय टेकवला,
दाबला नाही, नुसता टेकवला.
झिगुलीने नाक खाली घातलं,
जड, शहाण्या जनावरासारखं,
आणि वळण आपल्या पावलांनी चालत आलं.

शेजारी काहीतरी खस्सकन वाजलं.
बाबांचा उजवा पाय
भोकात होता.

मॅट नवी घ्यायला हवी, ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

मागून आई म्हणाली,
राहू दे.