दोन बोटं

आधी विचारते, मग हात लावते.
हा-झांगमध्ये परक्या बाईनं
डोक्याला हात लावणं बरं दिसत नाही.
कुठं जाता? कशावर? मागं कोण बसतं?
मग भुवयांच्या वरून टेप,
मागच्या उंचवट्यावरून फिरवून पुन्हा कपाळाशी.
माणसं लहान मुलासारखी श्वास धरून उभी राहतात.

न्यूंग शेवयांचं गरम सूप पोचवते,
दर दहा मिनिटांनी उतरते, हाका मारते, भाव सांगते.
तिला पूर्ण बंद हेल्मेट म्हणजे तोंडाला कुलूप.
तिला दिलं पुढून उघडं,
पण कान झाकणारं, मानेपर्यंत उतरणारं.
हनुवटी मात्र तुझी तू सांभाळ, म्हटलं.

लाऊ कच्च्या वाटेनं सिमेंट चढवतो.
त्याला चोचवालं, रुंद जबड्याचं, गॉगल बसेल असं.
तेच घालून तो हमरस्त्यानं हनोईला निघाला
तेव्हा वाऱ्यानं चोच धरून
अख्खा घाट त्याची मान मागं खेचली.
परत आला तो मान चोळत.
लांबच्या रस्त्याला बंदच हवं, बाबा,
धुक्यात काच न धुरकटणारं.
तो काळं मागत होता. मी पांढरं दिलं.
ट्रकवाल्याला आधी तू दिसायला हवास,
देखणा नंतर दीस.

समोरच्या दुकानात रंगीत वाट्या टांगल्यात,
सशांची चित्रं, दोन जेवणांच्या पैशात एक.
अंगठ्यानं दाबली की वाकते.
पोलिसाला दाखवायची टोपी ती.
तिची विक्री माझ्या तिप्पट आहे,
हेही सांगून टाकते.

वरच्या फळीवरचं विकायचं नाही.
बाहेरून नुसता ओरखडा,
आतला फोम बघा, कसा चेपलाय.
तो एकदाच चेपतो.
माझा भाऊ खिएम रोज त्याच्याखाली बसून चहा पितो
आणि म्हणतो, रंग काय घाणेरडा होता गं.

रविवारी दोंग वानकडून सुंग आली,
पाठीवर तान्हं, डोक्यावर केसांचा मोठा वेढा,
पुढं नवरा.
त्यानं स्वतःसाठी तिसऱ्या फळीवरचं घेतलं, चांगलं पारखून.
हिला? ही मागं बसते, हिला काहीही चालेल.
मी म्हटलं, रस्ता काय पुढचा-मागचा बघून आपटतो?
तो सिगारेट ओढायला बाहेर गेला.

सुंगनं वेढा सोडला.
केस गुडघ्यापर्यंत आले, संपेचनात.
मानेशी सैल वेणी घातली, खाली, पाठीवरच्या बाळाला हसू आलं.
चोपन्न. छोटं डोकं.
गालाला घट्ट लागलं पाहिजे, कपाळाला टोचता कामा नये.
मान हलव. तुझ्याबरोबर हललं ना?
आतून ती म्हणाली,
माझाच श्वास ऐकू येतोय.
कमरेच्या पट्ट्यातून कोंबड्यांचे पैसे काढले,
दोनदा मोजले.

मग पाठीकडे बोट:
आणि ह्याला?

अकरा वर्षं दुकान चालवतेय मी.
दहा महिन्यांच्या मानेला पेलेल असं
माझ्याकडे काही नाही.
कुणी विकत असेल तर घेऊ नकोस, म्हटलं.
बसनं जा, म्हटलं.
बस त्यांच्या गावापासून दोन तास खाली थांबते,
हे मला माहीत होतं.
ती काही बोलली नाही.

तिच्या हनुवटीखाली पट्टा लावून
मी दोन बोटं सरकवली.
दोन जावीत, तीन नकोत.
ती बाहेर गेली, नवऱ्यापुढं उभी राहिली,
त्याच्या पट्ट्यात बोटं घातली.
चार गेली.
न बोलता ओढून आवळला. तो खोकला.

निघाले. हळू, फारच हळू.
निदान वळणापर्यंत तरी.