डिपर

काशेडीच्या अलीकडे म्हैस दिसली ती
ब्रेक दाबून झाल्यावर.
तिचं नाक बॉनेटवर, तिचा श्वास काचेवर,
आमच्या दोघींच्यात वीतभर जागा.
ती निघून गेली. मी अजून तिथेच थांबलेय,
असं सांगितलं तर मापकर म्हणाले,
"म्हणजे दिवे बसवायचेत."

कुर्ला, सीएसटी रोड. दुकान म्हणजे एक कपाट
आणि त्याच्यासमोरचा फुटपाथ.
त्यांनी आधी बॅटरीचं काळं टोक सोडवलं.
"पहिला मायनस. कितीही घाई असली तरी."
मग लाल, जाड वायर,
आणि बॅटरीपासून चार बोटांवर फ्यूज.
"लांब ठेवलात तर मधली वायर कोणाच्या भरवशावर?"

काड्यापेटीएवढा काळा ठोकळा तळहातावर ठेवून दाखवला:
तीस, पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्याऐंशी.
"मटक्याचा आकडा नाय, वहिनी. रिलेच्या पिना."
स्विचच्या अंगात जोर नसतो म्हणे,
तो फक्त सांगतो.
ओझं हा उचलतो. आणि उचलताना बोलतो, ऐका:
टिक.

पत्र्याच्या भोकात त्यांनी रबरी चकती बसवली,
कारण पत्रा वायर कापतो, एकदम नाही,
रोज थोडी, तुम्ही गाणी ऐकत गाडी चालवत असताना.
चेसिसवरचा रंग पॉलिश पेपरने घासत बसले,
खाली धातू चमकेपर्यंत.
"रंगावर अर्थ लागत नाय."
मी हसले. ते हसले नाहीत,
नटाखाली वॉशर शोधत होते.

मला माझा वेगळा स्विच हवा होता,
हाताशी, कोणाला न विचारणारा.
"स्विच देतो. पण इशारा हाय बीमकडून घेणार.
तुम्ही डिपर मारलात की हे दोघेपण मिटणार."
म्हटलं, मला वाटेल तेव्हा लावता यायला पाहिजेत.
दातात काळ्या टेपचा तुकडा धरून ते म्हणाले,
"लावायला काय, कोणपण लावील."
त्यांच्या डाव्या हाताची करंगळी वळत नाही.
माणगाव, इतकंच सांगितलं. समोरून ट्रक.
चार दिवे.

रात्री अकराला काम संपलं
आणि तपासायला काळोख मिळेना.
आम्ही दोघं काळोख शोधत निघालो:
सायनला होर्डिंगवर पांढराशुभ्र साबण,
चेंबूरला मेट्रोच्या खांबाखाली वेल्डिंग,
घाटकोपरला कोणाच्या तरी साखरपुड्याची झालर
तीन मजले खाली सोडलेली.
दिवे लावले तरी लागलेत की नाही कळेना,
खाडीत तांब्या उपडा करावा तसं.
चार हजार रुपये दिले होते मी.

भांडुपला, पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला वळल्यावर
शेवटी मिळाला. दोन्हीकडे मिठागरं,
आणि काचेपुढे काहीच नाही.
टिक.
लव्हाळ्याचं पातं न् पातं,
कुत्र्याचे दोन डोळे, मग सहा,
खड्ड्यातल्या पाण्यावरची सायीसारखी धूळ,
आणि पार टोकाला एक सायकलवाला,
हँडलला ओली गोणी, एक पाय जमिनीवर,
एक हात डोळ्यांवर आडवा.

मला त्याचा तळवा दिसत होता.
तळव्यावरच्या रेषा दिसत होत्या,
इतके चांगले होते दिवे.
बोटाने दांडी ओढली ती मी ठरवून नाही.
टिक, आणि सगळे मिटले, एकदम,
जसं मापकरांनी जोडलं होतं.

सायकल करकरत जवळ आली.
खिडकीशी येताना गोणीतले खेकडे
एकमेकांवर चढत असल्याचा आवाज.
त्याने घंटी वाजवली, एकदाच,
रस्त्यात दुसरं कोणी नसताना.

बराच वेळ आम्ही तसेच बसलो.
मला वाटलं मापकर काहीतरी म्हणतील.
"डावा दोन बोटं वर आहे," ते म्हणाले,
आणि तेरा नंबरचा पाना घेऊन
खाली उतरले.